तिसरा भिडू

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला दुधाच्या दातांबरोबरच येते. तिचा अर्थ आजवर मला कोणी समजावून सांगितलेला नाही आणि मीही कोणाला विचारलेला नाही. अभिमानाच्या गोष्टीला व्हाउचर मागू नये. पण गेल्या पावसाळ्यात ही म्हण आमच्या घरात खरी झाली. जर्मनीतला एक खेळ परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या बोरीत आला, आमच्या ओसरीवर बसला, आणि एका माणसासाठी अडून बसला.

खेळाचं नाव ‘मॉडर्न आर्ट’. १९९२ साली निघालेला. कर्ते राइनर क्निझिया. हे गृहस्थ गणितातले डॉक्टर, आणि १९९७ साली पूर्णवेळ खेळ रचायला लागण्याआधी वित्तसंस्थांत नोकरीला होते. हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी एकदम सहकाऱ्याचा जिव्हाळा वाटला. नोकरीत बसून खेळ करणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण त्यापायी नोकरी सोडणारा हा पहिलाच.

खेळ लिलावाचा आहे. पाच चित्रकार, सत्तर चित्रं, चार फेऱ्या. पाळी आली की हातातलं एक चित्र लिलावात काढायचं. बोलीच्या तऱ्हाही पाच : कुठे खुली, कुठे एकेकाने एकदाच बोलायची, कुठे मुठीत पैसे झाकून. फेरीत ज्या चित्रकाराची चित्रं सर्वांत जास्त निघतील त्याच्या चित्राला तीस हजार, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला दहा. बाकीची रद्दी. चित्र चांगलं की वाईट हा प्रश्न कुठेच उपस्थित होत नाही. बी. कॉम. झालेल्या माणसाला कलेचं इतकं सोपं विवेचन दुसरीकडे मिळणार नाही.

अडचण एकच. खेळायला तीन ते पाच माणसं लागतात. चिरंजीवांनी पेटी आणली आणि जूनमध्ये ते ‘नीट’च्या क्लासला लातूरला गेले. मागे उरलो मी, आमची ही आणि पेटी.

दोघांत लिलाव होत नाही, हे आम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळलं. मी पंधरा म्हणालो, ही सोळा म्हणाली, मी सतरा म्हणालो, ही म्हणाली, “घ्या तुम्हीच, मला कणीक भिजवायचीय.” दोघांत होते ती घासाघीस. शिवाय चित्राचे पैसे विकणाऱ्याला मिळतात. म्हणजे माझे हिच्याकडे आणि हिचे माझ्याकडे. हा संसार झाला, लिलाव नव्हे.

मग तिसरा मानायचं ठरलं. तशी ही युक्ती नवी नाही. ब्रिजमध्ये डमी असतो. आपल्याकडे लिंबूटिंबू असतो. तो खेळात असतो पण आऊट होत नाही. आणि लिलावातली ‘सरकारी बोली’ तरी काय? ती तिथे कोणाच्याच तोंडून निघालेली नसते, तरी तिच्या खाली कोणाला जाता येत नाही.

पहिला नियम मी केला. तिसऱ्याला पानं वाटून गड्डी स्टुलावर ठेवायची. त्याची पाळी आली की वरचं चित्र काढायचं, आलेले पैसे बँकेत. बोलीसाठी जुन्या ‘व्यापार’च्या पेटीतले दोन फासे. बेरजेची दुप्पट, तितके हजार ही त्याची ऐपत. फासे मी टाकणार, आणि त्याने कधी बोलायचं ते माझ्या विवेकाधीन राहील.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी ही म्हणाली, “अहो, तुमचा हा तिसरा माझ्याच वेळी कामून पेटायलाय?”

मी म्हटलं, “फाशांना काय कळतंय?”

“फाशांना नाही कळत. टाकणाऱ्याला कळतंय.”

माझं लेजर तिथेच बंद झालं. सगळ्या नोकरीत एका पैशाची अफरातफर न केलेला माणूस चित्रांच्या खोट्या पैशांत पकडला गेला, तेही स्वतःच्या ओसरीवर!

पुढचे नियम हिचे. फासे वाटीत खुळखुळवायचे आणि बोली सुरू होण्याआधीच वाटी पालथी घालायची. कोणी पाहायचं नाही. आम्ही दोघं थांबलो की वाटी उचलायची. त्याची ऐपत आमच्या शेवटच्या बोलीहून जास्त निघाली, तर एक हजार वर देऊन चित्र त्याचं. जुने भाव पुढच्या फेरीत मिळत जातात, म्हणून ऐपत पहिल्या फेरीत बेरजेच्या दुप्पट, मग चौपट, सहापट, आठपट. आणि ज्या चित्रकाराचं चित्र त्या फेरीत आधी निघालंय त्याचंच चित्र तो घेणार. “लोकं घेतात तेच तो घेतो,” ही म्हणाली, “म्हणजे तो अगदी माणसासारखा झाला.”

आता परीक्षण. हा खेळ चालतो, हे मी कबूल करतो. वाटीखाली काय आहे ते माहीत नसल्यामुळे एकोणीसला थांबावं की वीस म्हणावं, याचा घाम खरा येतो. पण खोट राहतेच. मी हवं असलेलं चित्र नको-नकोसं करून पाहतो, जांभई देतो, आणि वाटी ढिम्म. तिला माझ्या जांभईचं काही नाही.

एका शाखेत असताना सोनेतारणाच्या लिलावाला मी कागद सांभाळायला बसलो होतो. राखीव किंमत, तीन बोलीवाले, सगळं नियमाप्रमाणे. दाराशी एक बाई उभी होती. पोत तिची होती. बोली लावायला तिच्याजवळ रुपया नव्हता, पण प्रत्येक आकड्याला तिचे ओठ हलत होते. लिलाव होऊन गेला तरी मी बराच वेळ पेन तसंच धरून होतो. आमचा वाटीखालचा भिडू त्या बाईच्या बरोबर उलटा : त्याला ऐपत आहे, पण काही हवं नाही.

दिवाळीत चिरंजीव आले. स्टूल भिंतीशी गेलं आणि तिघं बसलो. त्याने दुसऱ्याच फेरीत आईकडे पाहून असा काही सुस्कारा टाकला की तिने एका रद्दीला एकतीस हजार मोजले. फसल्याचं कळल्यावर ही इतकी हसली की तिच्या हातातली पानं खाली पडली आणि आम्ही ती पाहून घेतली. फाशांकडून ही कितीदा हरली असेल, पण हरून अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

सुट्टी संपली. त्याला बसमध्ये बसवून परत आलो तर स्टूल पुन्हा जागेवर होतं आणि त्यावर वाटी पालथी. ही म्हणाली, “बसा. आज तो आधीच बोलून ठेवून गेलाय.”