ख्रिस्तपुराणातील प्रौढ श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव निघाले की आपण त्यातील मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्यांचा गौरव करतो आणि ग्रंथ पुन्हा कपाटात ठेवतो. त्या ओव्यांचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. परंतु ज्या प्रसंगातून हे पुराण उभे राहते, तो प्रसंग ख्रिस्ती पालकांनी अधिक लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

रविवारची सायंप्रार्थना आटोपली आहे. साष्टीतील एका देवमंदिरात पाद्री मुलांना धर्मतत्त्वे शिकवीत आहेत. तेव्हा एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे होऊन विनवितो की, जुनी पुराणे आम्हांला वर्ज्य झाली. मग आम्ही ऐकावे असे दुसरे पुराण का असू नये? १६१६ साली राशोल येथे छापला गेलेला सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या विनंतीचे उत्तर होय.

धर्मशिक्षणाच्या वर्गातच या काव्याचा उगम व्हावा, हे अर्थपूर्ण आहे. मागणी मात्र मुलाची नाही, मोठ्या माणसाची आहे. मुलांसाठी वर्ग आहेच. तहान त्या प्रौढाला लागली आहे. स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तकही कोकणीत लिहिले होते. १६१९ साली त्यांचे निधन झाल्यावर १६२२ मध्ये ते छापले गेले. प्रश्नोत्तरे पाठ झाली तरी घराला कथा हवी असते, ही जाण त्यांना होती असे म्हणावेसे वाटते.

या रचनेला एक मर्यादाही आहे. श्रोता शंका विचारतो, गुरू समाधान करतो आणि कथा पुढे सरकते. समाधान न झालेला श्रोता या काव्यात सहसा भेटत नाही. आपल्या घरांत तो रोज भेटतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाला ओवीबद्ध उत्तर नसते. त्याच्यासोबत ते शोधण्याची तयारी असावी लागते.

तरीही हा ग्रंथ टिकला, तो कसा? १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती समाजात मात्र हस्तलिखिते राहिली. या समाजातील हजारो जणांनी १७८४ पासून १७९९ पर्यंत श्रीरंगपट्टणचा बंदिवास सोसला. जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूर येथे हे पुराण पुन्हा छापले. मुद्रणालयाने जे गमावले, ते नकलून घेणाऱ्या हातांनी आणि ऐकणाऱ्या कानांनी राखले. आज ते देवनागरीतही उपलब्ध आहे.

आपल्या धर्मग्रामांत रविवारी मुले वर्गात बसतात आणि आईवडील फाटकाशी उभे राहतात. प्रथम ख्रिस्तशरीर झाले, दृढीकरण झाले की आपले कर्तव्य संपले, असा समज रूढ झाला आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवाला आजीची जपमाळेची प्रार्थना कळत नाही, आणि ती त्याला कोणी समजावूनही सांगत नाही. मुलांची श्रद्धा उणी पडते अशी तक्रार करण्यापूर्वी, साष्टीतील त्या गृहस्थासारखे आपण स्वतःसाठी शेवटचे काय मागितले होते, हे प्रत्येक पालकाने आठवून पाहावे.