सिनॉप्सिसमध्ये ‘लोकसहभाग’ लिहिण्याआधी

‘पेट’ पास झालेले बरेच जण ‘ग्रामीण विकासातील लोकसहभाग’ असा विषय घेतात आणि सैद्धांतिक चौकटीत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ (१९९०) टाकतात. पुस्तक दमदार आहे, वाचाच. पण धुळे जिल्ह्यातली फड पद्धत शेजारी ठेवून वाचा.

पांझरेच्या काठी साक्री-धुळे भागात शेतकरी तीन-चारशे वर्षं बंधारे आणि पाट स्वतः सांभाळत आले. शिवाराचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल तर कोणता फड भिजवायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि पाणी पाटकऱ्याने द्यायचं, मालकाने नाही. ठरलेल्या सीमा, गावचे नियम, स्वतःची देखरेख: ऑस्ट्रॉम यांची तत्त्वं इथे सहज सापडतात.

मग अडचण कुठे आहे? पहिली, ‘सगळ्यांनी’ म्हणजे जमीनवाल्यांनी. भूमिहीन त्या निर्णयात नव्हते. संस्था टिकली का, हे पुस्तक नेमकं सांगतं. ती कोणासाठी टिकली, हा प्रश्न त्यात मागे पडतो.

दुसरी अडचण नदीची. फडाचा निर्णय शिवारापुरता, आणि नदी तर वरून येते. आज पांझरेवर अक्कलपाडा धरण आहे, तिथलं पाणी कधी सोडायचं हे पाटकरी ठरवत नाही. लहान संस्था मोठ्या व्यवस्थेत गुंफलेल्या हव्यात, असं ऑस्ट्रॉम यांचं आठवं तत्त्व सांगतं, पण त्याचं विवेचन थोडक्यात आटोपलंय. त्यांची उदाहरणंही मुद्दाम लहान निवडलेली, जास्तीत जास्त १५,००० माणसांची.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९९० मध्ये, टांझानियातल्या अरुशा शहरात आफ्रिकेची लोकसहभागाची सनद मंजूर झाली. तिने थेट सरकारांना सांगितलं: लोकांना निर्णयात जागा द्या, स्त्रियांना बरोबरीने घ्या, देशादेशांतलं सहकार्य वाढवा. तिच्यात पाटकऱ्याइतका बारीक तपशील नाही, पण ‘वर कोण बसलंय’ हा प्रश्न आहे. म्हणून दोन्ही सोबत वाचा.

आठ तत्त्वांपुढे टिकमार्क केले म्हणजे विश्लेषण झालं नाही. प्रश्नावलीत बैठकीची हजेरी विचारताच, त्यासोबत आणखी दोन प्रश्न घाला: टंचाईत शेवटचा निर्णय कोणाचा? आणि तो घेताना खोलीबाहेर कोण होतं? पीएचडीचा खरा विषय बहुतेक तिथेच सापडेल.