पंक्तिसेवा आणि वचनसेवा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झालेला आहे. एक फादर स्टीफन्सच्या भाषेचे व ओवीचे अंग आणि दुसरे रेव्हरंड टिळकांच्या काव्यातील भक्तीचे अंग. हे दोन्ही विचार आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु त्यांतून उपासनेचे जे चित्र उभे राहते, त्यात गाणारा, बोलणारा आणि ऐकणारा एवढीच माणसे दिसतात. रविवारी घंटा होण्यापूर्वी कोणी तरी मंदिराचे कुलूप काढलेले असते, जाजम झटकून पसरलेले असते, पेटी आणि तबला जागेवर आणून ठेवलेला असतो; प्रभुभोजनाची भाकर कोणी तरी भाजलेली असते आणि मंडळी घरोघर गेल्यावर प्याले कोणी तरी विसळीत बसलेले असते. ही माणसे आपल्या वाङ्मयात कोठे आहेत, आणि असल्यास कोणत्या रूपाने आहेत, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे. प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण तो नव्या करारातील एका शब्दाच्या अर्थापर्यंत जाऊन भिडतो.

तो शब्द ग्रीक 'दियाकोनिया' हा होय. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मार्था ज्या कामाने त्रासून गेली, त्या कामाला लूक हाच शब्द लावतो. त्याच लेखकाच्या 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपाला हाच शब्द आहे, आणि चारच ओळींनंतर प्रेषित जी वचनाची सेवा करू म्हणतात, तिलाही हाच शब्द आहे. ताट वाढणे आणि प्रवचन करणे ही दोन कामे मूळ भाषेत एकाच नावाने ओळखली जातात. राजा जेम्सच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या इंग्रजी भाषांतराने हे एकत्व मोडले : वचनाकडे 'मिनिस्ट्री' गेली आणि मेजाकडे नुसते 'सर्व्ह' हे क्रियापद उरले. मराठीला या बाबतीत दैव अनुकूल होते. आपल्याकडे देवाचीही सेवा होते, सासूसासऱ्यांचीही होते आणि सरकारचीही होते. इंग्रजीला जे जमले नाही ते मराठीच्या एका शब्दाने सहज साधले असते. प्रत्यक्षात मात्र मंडळीच्या व्यवहारात 'सेवा' हा शब्द व्यासपीठावरील कामासाठी राखला गेला आणि उरलेल्या कामाला 'मदत' हे नाव पडले. शब्द एक असून अर्थाची उतरंड लागली, ती शब्दकोशामुळे नव्हे.

सहाव्या अध्यायातील प्रसंग मराठी वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी तक्रार केली की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. हा दोष सांगण्यास मराठीत एक अचूक आणि कडवट शब्द आहे : पंक्तिभेद. ज्याने पंगतीत आपल्या ताटातले आणि शेजारच्या ताटातले तूप मोजून पाहिले आहे, त्याला या शब्दाचे भाष्य नको. पहिल्या मंडळीतील पहिले भांडण तत्त्वाचे नव्हते, पंगतीचे होते. ते मिटविण्यासाठी सात माणसे नेमली गेली आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती पळी दिली गेली, असे अनुमान केल्यास ते वावगे ठरू नये. आणखी एक गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून बहुधा सुटते. पंक्तिसेवेसाठी नेमलेल्या या सातांपैकी स्तेफन पुढच्याच अध्यायात सभेपुढे दीर्घ भाषण करतो, आणि फिलिप्प आठव्या अध्यायात शोमरोनात जाऊन उपदेश करतो. मेज आणि वचन यांच्यामध्ये प्रेषितांनी जी भिंत घातली, ती लूकच्या कथनात दोन अध्यायही टिकत नाही.

मार्थेच्या कथेवरील आपल्याकडील विवेचन दोन टोकांना जाते. एक पक्ष तिला संसारासक्त ठरवून मरीयेच्या पायाशी बसविण्याचा आग्रह धरतो. दुसरा पक्ष तिचा कैवार घेऊन चुलीपाशी राबणाऱ्या स्त्रीचे गुणगान करतो. मरीया चरणांशी बसली होती हे केवळ भक्तीचे चित्र नव्हे. पौल गमलिएलाच्या चरणांशी शिकला असे 'कृत्यां'तच म्हटले आहे, आणि तेथे तो शब्दप्रयोग शिष्यत्वाचा आहे. तेव्हा कथेत पणाला लागले आहे ते स्त्रीचे शिकण्याचे स्वातंत्र्य. स्वयंपाकघराची निंदा नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात हीच मार्था आपला ख्रिस्तावरील विश्वास स्पष्ट शब्दांत बोलून दाखविते, आणि पुढच्या अध्यायातील भोजनप्रसंगी ती पुन्हा वाढीत असते. तेथे तिला कोणीही बोल लावीत नाही. एकाच बाईला शिष्य आणि वाढपी अशा दोन्ही रूपांत पाहण्याची योहानाची तयारी आहे. आपल्या प्रवचनकारांची ती तितकीशी दिसत नाही.

दुसऱ्या पक्षाविषयी अधिक सावध राहावयास हवे, कारण तो गोड बोलतो. पॅरिसच्या कार्मेलपंथी मठात स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ब्रदर लॉरेन्सचे (मृत्यू १६९१) नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. भांड्यांच्या खडखडाटातही देवाचे सान्निध्य तितकेच असते, ही त्याची शिकवण खरोखर उदात्त आहे. परंतु ती मठात स्वेच्छेने गेलेल्या पुरुषाची शिकवण आहे. ज्या बाईला चुलीवाचून दुसरी जागाच दिलेली नाही, किंवा ज्या माणसाच्या वाडवडिलांच्या हातात पिढ्यान्पिढ्या केरसुणीच दिली गेली, त्याला 'झाडणे हीसुद्धा उपासनाच' असे व्यासपीठावरून सांगणे ही वेगळी गोष्ट होते. अहमदनगर जिल्ह्यातील मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांचे प्रमाण मोठे होते, हे विसरून हा विषय मांडता येत नाही. अशा ठिकाणी पडद्यामागील सेवेची स्तुती करणाऱ्याने, पडदा कोणी टांगला हेही सांगितले पाहिजे.

वारकरी परंपरेशी तुलना येथे अपरिहार्य आहे. दळणाऱ्या जनीच्या जात्याला विठ्ठल हात लावतो, एकनाथाच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. या आख्यायिकांचे मर्म श्रमाच्या स्तुतीत नाही. देव स्वतः श्रमाचा वाटेकरी होतो यात आहे. बेथानीला आलेल्या पाहुण्याने जात्याचा खुंटा धरला असे लूक सांगत नाही, हे खरे. पण योहानाने तेरावा अध्याय पाय धुण्याला दिला आहे, आणि एकविसाव्यात पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या किनाऱ्यावर विस्तव करून, मासळी भाजून, रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. जनीची ओवी कानावर पडलेल्या मराठी माणसाला हा प्रसंग परका वाटू नये. ख्रिस्ती कीर्तनकारांनी वधस्तंभाचे आख्यान जितके रंगविले तितके या न्याहारीचे का रंगविले नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता वाङ्मयाकडे वळू. 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ते देवळांतून जमलेल्या लोकांपुढे वाचावयाचे पुराण होते. येथे एक साधी गोष्ट ध्यानात येते. ऐकणाऱ्याची भाषा मराठी होती. तिची अक्षरे परकी होती. म्हणजे या दोहोंच्या मध्ये, रोमन अक्षरांतून ओवीचा उच्चार आणि चाल काढून देणारा कोणी तरी उभा असल्याखेरीज ते पुराण उपासनेत येऊच शकत नव्हते. गोव्यातील देवळांना जोडलेल्या शाळांत 'मेस्त' मुलांना वाचन, प्रार्थना आणि गायन शिकवीत असे. असा वाचक त्याच शाळांतून तयार होत असला पाहिजे, असे मला वाटते. स्टीफन्सच्या शब्दकळेवर विद्वानांनी भरपूर लिहिले आहे. त्याच्या ओळींना कंठ देणाऱ्या या मध्यस्थाचे नावही आपण कधी विचारलेले नाही.

केडगावच्या मुक्तिसदनातील उदाहरण अधिक जवळचे आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. त्याच्या भाषेविषयी मतभेद आहेत. परंतु या ग्रंथाचे खिळे जुळविणे आणि छपाई ही कामे मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केली, ही हकीकत चरित्राच्या एखाद्या वाक्यात उरकली जाते. दुष्काळाने आणि वैधव्याने ज्यांना घराबाहेर लोटले, अशा स्त्रियांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचे एकेक अक्षर उलटे वाचून पेटीतून उचलले. मरीयेचे ऐकणे आणि मार्थेचे राबणे हे दोन्ही त्या छापखान्यात एकाच बोटांनी होत होते. लूकच्या दहाव्या अध्यायावर याहून चांगले भाष्य मराठीत झाल्याचे मला ठाऊक नाही.

या सर्व विषयाचे केंद्र मात्र लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हेच आहे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची थोरवी आता कोणाला पटवून द्यावयास नको. परंतु त्याच्या विनोदाची आणि प्रांजळपणाची वाखाणणी करताना, एका मोठ्या भक्तकवीच्या उपासनेची किंमत कोणी आणि कशी चुकती केली याचा हा जमाखर्च आहे, हे पुरेसे सांगितले जात नाही. टिळकांची भजने आजही मराठी मंडळ्यांत गाइली जातात. ती रचली गेली त्या घरात अनाथ मुले होती, शिकणारे विद्यार्थी होते, वेळीअवेळी येणारे पाहुणे होते, आणि हातातले पैसे समोरच्याला देऊन मोकळे होणारे यजमान होते. पिठाचा डबा मात्र दुसऱ्याच माणसाने पाहावयाचा होता.

लक्ष्मीबाईंची लेखनपद्धती येथे बारकाईने पाहण्याजोगी आहे. त्या आपल्या कामाला कोठेही पावित्र्याचा मुलामा देत नाहीत. चूल म्हणजे वेदी आणि पोळी म्हणजे नैवेद्य अशी रूपके त्यांना सुचत नाहीत, किंवा सुचली तरी त्या ती बाजूला ठेवतात. मार्थेसारखी तक्रारही त्या क्वचितच करतात. त्या फक्त काय घडले ते सांगतात. पतीच्या औदार्याचे वर्णन करताना त्यांचा स्वर हसरा असतो, आणि त्या हसण्यातच घराचा खर्च वाचकाला कळून येतो. ब्रदर लॉरेन्सच्या पुस्तकाने वाचकाचे समाधान होते. 'स्मृतिचित्रां'नी त्याला थोडे ओशाळे वाटते. वाङ्मय म्हणून आणि साक्ष म्हणूनही मला दुसरा परिणाम अधिक मोलाचा वाटतो.

त्यांच्या धर्मांतराची कथाही स्वयंपाकघरातूनच जाते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्यानंतर काही वर्षे दोघे विभक्त राहिली. पुढे पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते. एका घरात दोन पाणी आणि दोन चुली होत्या. राहुरीच्या वास्तव्यात त्यांच्या मनाने जातिभेद टाकला, तो सिद्धान्ताच्या चर्चेने नव्हे. कोणाच्या हातचे पाणी प्यावयाचे, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांनी पाणी पिऊनच दिले. अंत्युखियात पेत्र विदेश्यांच्या पंगतीतून उठला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर दोष दिला, हा गलतीकरांस पत्रातील प्रसंग आपण पाठशाळेत शिकवतो. त्याची मराठी प्रत राहुरीस घडली आणि तेथे दोष देणाऱ्या पौलाचीही गरज पडली नाही. टिळकांच्या अभंगांत हा क्षण शोधून सापडणार नाही. तो घडेपर्यंत त्या घरातील उपासना अर्धीच होती, असे म्हटल्यास कवीचा अवमान होतो असे मी मानीत नाही.

यावर आक्षेप येईल की, एका कुटुंबाची हकीकत मंडळीच्या उपासनेचे प्रमाण कशी मानावी? आक्षेपात तथ्य आहे. घर आणि मंदिर एक नव्हेत. पण त्या पिढीच्या मराठी मंडळ्यांत घराची ओसरी आणि भजनाची बैठक यांच्यामधील अंतर फारसे नव्हते, आणि पहिल्या शतकातील मंडळ्या तर घरांतूनच भरत. रोमकरांस पत्राच्या शेवटी ज्या फीबीची शिफारस आहे, तिला पौल किंख्रिया येथील मंडळीची 'दियाकोनॉस' म्हणतो. तिने नेमके काय काम केले हे त्याने लिहिले नाही. ती अनेकांना आणि स्वतः त्यालाही साहाय्यभूत झाली, इतकेच तो नोंदवितो, आणि एवढ्यावर पुढील शतकांनी तिला कधी अधिकारपदावर बसविले, तर कधी पाणी भरावयास लावले.

आपल्या हाती फीबीपेक्षा अधिक साधने आहेत. लक्ष्मीबाईंच्या कवितासंग्रहाचे नावच 'भरली घागर' आहे. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांपलीकडे गेलेले नव्हते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर घरीच अक्षरओळख झालेल्या या बाईने पंक्तिसेवा सोडून वचनसेवा घेतली नाही, दोन्ही केल्या. 'ख्रिस्तायन' आज फारसे वाचले जात नाही, आणि त्याचा उल्लेख होतो तेव्हा तो बहुतेक वेळा टिळकांचे काव्य म्हणूनच होतो. त्यातील दोन हातांची भाषा, छंद आणि प्रसंगांची निवड यांची तुलना अद्याप व्हावयाची आहे. बेथानीचा प्रसंग त्या काव्यात कोणाच्या वाट्यास आला आणि मार्थेला तेथे कोणत्या शब्दांनी हाक मारली गेली आहे, येथून ती तुलना सुरू करता येईल.