टेम्प्लेटचे फसवे उदाहरण

बारावीच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लस वर्षानुवर्षे शिकवली गेली. जेनेरिक फंक्शनचा विषय निघाला, की बहुतेक पुस्तके एकच उदाहरण देतात: दोन संख्यांतील मोठी शोधा. आधी पूर्णांकांसाठी फंक्शन, मग दशांशांसाठी, आणि शेवटी प्रकाराच्या जागी 'टी' लिहून दोहोंचे एक. विद्यार्थ्याची समजूत होते, की जेनेरिक म्हणजे टंकलेखनातील काटकसर.

उदाहरण चूक नाही, पण फसवे आहे. संख्यांतील लहान-मोठेपण भाषेनेच ठरवून दिलेले असल्याने 'टी'कडून या फंक्शनची अपेक्षा काय, हा मुख्य प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

त्याऐवजी आपल्या ओळखीची गुणवत्ता यादी घ्यावी. लातूर पॅटर्नच्या मुलखात ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. 'विद्यार्थी' हा क्लास, त्यात नाव आणि गुण. सॉर्टला ही यादी दिली, तर कंपायलर अडून बसतो, आणि ते योग्यच आहे. एक विद्यार्थी दुसऱ्याच्या आधी कशाने, गुणांनी की नावाने? तुलना आपणच पुरवायची. आता दोघांचे गुण समान असतील तर? पुष्कळ जण 'मोठे किंवा समान' अशी तुलना लिहून मोकळे होतात. सॉर्टची अट मात्र अशी, की समान घटकांसाठी तुलनेचे उत्तर 'नाही' आलेच पाहिजे. अट मोडल्यावर कंपायलर तक्रार करीत नाही. यादी कधी बरोबर लागते, तर कधी प्रोग्राम यादीबाहेरची मेमरी वाचू लागतो आणि बंद पडतो.

नावांची तऱ्हा आणखी निराळी. युनिकोडमध्ये 'क्ष' साठवला जातो तो क, हलन्त चिन्ह आणि ष असा. त्यामुळे नुसती सांकेतिक क्रमांकांची तुलना केली, तर क्षीरसागर हे खंदारेंच्या आधी बसतात. शाळेतल्या वर्णमालेप्रमाणे ते हंबर्डे यांच्याही नंतर यायला हवेत. 'ळ'सुद्धा ल आणि व यांच्या मध्ये जाऊन बसला आहे. सॉर्ट निर्दोष, तुलना परकी!

१९९४ साली, म्हणजे नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, ॲलेक्झांडर स्टेपानोव्ह यांची टेम्प्लेट लायब्ररी सी प्लस प्लसच्या प्रमाण मसुद्यात स्वीकारली गेली. 'टी'कडून काय हवे, हे त्या वेळी माहितीपत्रकात लिहिलेले असे, प्रोग्राममध्ये नव्हे. जावाने २००४ साली जेनेरिक आणले तेव्हा 'टी तुलनायोग्य हवा' असे प्रोग्राममध्येच लिहिण्याची सोय होती. सी प्लस प्लसला 'कॉन्सेप्ट' मिळायला २०२० साल उजाडले. त्यातही तुलना उपलब्ध आहे की नाही एवढेच तपासले जाते. समान गुणांना ती 'नाही' म्हणते का, हे शिक्षकानेच विद्यार्थ्याच्या वहीत पाहायचे, आणि त्यासाठी यादीत समान गुणांचे दोघे मुद्दाम घालून ठेवावेत.