निनावी गर्दीची बोली

ऑक्टोबर २००४ मध्ये तोक्योतल्या शिंचोशा या जुन्या, प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेने 'देन्शा ओतोको' हे पुस्तक काढले. शीर्षकाचा अर्थ 'आगगाडीतला माणूस'. लेखक म्हणून नाव होते नाकानो हितोरी. या नावाचा कोणी माणूस नव्हता. 'आतल्यांपैकी एक' असा अर्थ निघावा म्हणून केलेली ती शाब्दिक कोटी होती. पुस्तकातला मजकूर 'टू-चॅनल' या जपानी फोरमवरचा होता. तिथे लिहिणाऱ्यांना नाव द्यावे लागत नसे.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये एका लाजऱ्याबुजऱ्या तरुणाने तिथे एक हकिगत लिहिली. गाडीत एक दारुडा बायकांना त्रास देत होता, याने मध्ये पडून त्याला अडवले. त्यांच्यातल्या एका तरुणीने आभार म्हणून अर्मेस कंपनीचे कप पाठवले. आता तिला फोन करून काय बोलायचे, जेवायला कुठे न्यायचे, कपडे कुठले घालायचे, हे त्याने तिथल्या अनोळखी लोकांना विचारले. मे महिन्यापर्यंत ते लोक त्याला सल्ले देत, धीर देत, चिमटे काढत राहिले. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. २००५ मध्ये त्यावर चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिकाही आली. हकिगत खरी की रचलेली, हा वाद तेव्हाही झाला. पण रचलेली असली तरी तिला मिळालेले प्रतिसाद एका मोठ्या निनावी समूहातून आले होते.

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च शहरात एका बंदूकधाऱ्याने दोन मशिदींत गोळीबार केला. ५१ माणसे मेली. हल्ल्याची आगाऊ घोषणा त्याने 'एट-चॅन' या फोरमवर केली होती, आणि ती तिथल्या ठरीव विनोदी बोलीत होती. एट-चॅन हे टू-चॅनलच्याच घराण्यातले. दोन्हीकडे लिहिणारे निनावी होते. तेव्हा नुसत्या निनावीपणाने या दोन गोष्टींतला फरक समजत नाही. मधल्या पंधरा वर्षांत नेमके काय बदलले, हे पाहायला हवे.

टू-चॅनल मे १९९९ मध्ये हिरोयुकी निशिमुरा या विद्यार्थ्याने सुरू केले. तो तेव्हा अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यात शिकत होता. नावाचा रकाना रिकामा ठेवला की तिथे 'नानाशी-सान' असे काहीतरी उमटे. नानाशी म्हणजे बिननावाचा, आणि त्याला आदरार्थी 'सान'. एका धाग्यात हजार नोंदी झाल्या की तो बंद होई. विषय जिवंत असेल तर कोणीतरी नवा धागा काढी. ओळख राखावी असे वाटणाऱ्यासाठी 'ट्रिप' नावाची सांकेतिक खूण होती. पण बहुतेक ठिकाणी ती वापरणारा मिरवतो आहे असे मानले जाई.

मराठी वाचकाला यात अगदी अनोळखी असे काही नाही. अभंगात 'तुका म्हणे', 'जनी म्हणे' अशी नाममुद्रा येते. जात्यावरच्या ओवीत बहुधा येत नाही. ओवी जिने रचली तिची राहत नाही. शेजारीण ती उचलते, एखादा शब्द बदलते, पुढे नेते. आपल्या मराठी संकेतस्थळांवर मात्र वेगळीच रीत रुजली. तिथला 'आयडी' हे टोपणनाव असते, निनावीपणा नव्हे. टोपणनावाला पूर्वेतिहास असतो, मित्र आणि वैरी असतात, 'डुआयडी' पकडला गेला की लाज जाते. नानाशीला हे काहीच नाही. त्याची कालची चूक आज कोणाला ठाऊक नसते, आणि कालचे चांगले लिहिणेही आज त्याच्या नावावर जमा नसते.

मग अशा जागी आपला कोण आणि परका कोण हे कसे ओळखायचे? एकच मार्ग उरतो, तो भाषेचा. तिथली बोली ज्याला येते तो आतला. टू-चॅनलवर नवख्याला सांगत, 'अर्धे वर्ष नुसते वाच'. आपल्याकडे ज्याला 'वाचनमात्र' म्हणतात तसे राहा, बोली कानावर पडू दे, मग लिही. या उर्मट वाटणाऱ्या सल्ल्यात एक शिक्षणपद्धती होती. पण ती चालायला दोन गोष्टी लागतात. जुने लिखाण वाचायला शिल्लक असले पाहिजे, आणि नवे लोक जुन्यांच्या तुलनेत थोडे असले पाहिजेत. पुढे या दोन्ही गोष्टी सुटत गेल्या.

२००१ मध्ये सर्व्हरच्या वाढत्या भारामुळे टू-चॅनल बंद पडणार अशी भीती पसरली. तेव्हा आसरा म्हणून 'फुताबा' हे चित्रफलक निघाले. तिथे मजकुराइतकेच चित्राला महत्त्व होते. १ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूयॉर्कमधल्या ख्रिस्तोफर पूल या पंधरा वर्षांच्या मुलाने फुताबाचीच संगणकप्रणाली इंग्रजीत आणून 'फोर-चॅन' सुरू केले. नानाशी-सानच्या जागी 'अॅनॉनिमस' आला. भाषांतरात तो आदरार्थी 'सान' गळून पडला. इंग्रजीत त्याला जागाच नव्हती.

फोर-चॅनवर जुने काही टिकत नसे. ठरावीक संख्येचे धागे झाले की सर्वांत मागे पडलेला धागा कायमचा पुसला जाई. २०११ मध्ये अमेरिकी संशोधकांच्या एका गटाने तिथल्या 'बी' या सर्वांत गजबजलेल्या विभागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदी पूर्ण निनावी होत्या आणि धाग्याचे मध्यक आयुष्य चार मिनिटांहूनही कमी होते. म्हणजे वाचनमात्र राहून शिकायचे तर वाचायला काही उरतच नव्हते. टिकायचे ते तेवढेच, जे कोणीतरी आपल्या संगणकावर उतरवून घेऊन पुन्हा चिकटवेल. मौखिक परंपरेत जे होते तेच इथे झाले. सुटसुटीत, ठसठशीत, सहज बदलता येईल असे तेवढे तगले. मांजरांच्या फोटोंवर मोडक्या इंग्रजीतल्या ओळी लिहिण्याची जगभर पसरलेली टूम याच निवडीतून आली. लांब, सावकाश, स्वतःच्याच म्हणण्याबद्दल साशंक असे लिखाण या चाळणीतून खाली गळत गेले.

चाळणी केवळ तंत्राची नव्हती. गर्दी वाढली तसे आतल्यांना कुंपण हवेसे झाले. अर्धे वर्ष वाचायला लावणे शक्य नव्हते, म्हणून बोलीच इतकी ओंगळ करण्यात आली की सभ्य माणूस उंबऱ्यावरूनच परतावा. वंशावरून, लैंगिकतेवरून, अपंगत्वावरून शिव्या हा परवलीचा शब्द झाला. जुने लोक म्हणत, हा मुखवटा आहे, यातले आम्ही काही मनापासून म्हणत नाही. अनेकांच्या बाबतीत ते खरे असेलही. पण मुखवट्याच्या खेळात निदान काही चेहरे माहीत असावे लागतात. तमाशातला सोंगाड्या राजाची टर उडवतो तेव्हा तो सोंगाड्या आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. जिथे कोणाचाच चेहरा, इतिहास किंवा आवाज ओळखीचा नाही, तिथे द्वेषाचे सोंग आणि द्वेष यांतला फरक वाचणाऱ्याला दिसत नाही. काही काळाने तो लिहिणाऱ्यालाही दिसेनासा होतो, आणि सोंग हेच खरे मानणारे लोक आपली जागा सापडली म्हणून येऊ लागतात.

२००८ हे या इतिहासातले वळणाचे वर्ष. त्या जानेवारीत सायंटॉलॉजी या पंथाने अभिनेता टॉम क्रूझची एक चित्रफीत इंटरनेटवरून काढून टाकण्याचा प्रयत्न केला. फोर-चॅनवरच्यांनी आधी थट्टा म्हणून आणि मग गंभीरपणे त्याविरुद्ध मोहीम उघडली. १० फेब्रुवारीला अनेक देशांतल्या शहरांत माणसे मुखवटे घालून प्रत्यक्ष रस्त्यावर उभी राहिली. 'अॅनॉनिमस' हे विशेषण होते, ते विशेषनाम झाले. मानवशास्त्रज्ञ गॅब्रिएला कोलमन यांनी या लोकांत वर्षानुवर्षे वावरून २०१४ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. निव्वळ खोडीसाठी आलेले आणि कार्यासाठी राहिलेले यांच्यातले भांडण त्यातून नीट कळते. माझ्या मते या भांडणाचा निकाल फोरमच्या पुढच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. ज्यांना काही करायचे होते ते हळूहळू दुसऱ्या जागांकडे गेले. मागे राहिलेल्यांत 'कशालाच अर्थ नाही' असे मानणाऱ्यांचे प्रमाण वाढले. समूहाची संस्कृती कोण येतो यावर जितकी ठरते, तितकीच कोण निघून जातो यावरही ठरते.

२०११ मध्ये फोर-चॅनवर राजकारणासाठी 'पोल' हा स्वतंत्र विभाग निघाला. वंशद्वेषी मजकूर एका कोपऱ्यात साचवावा म्हणजे बाकीचे घर स्वच्छ राहील, असा त्यामागचा हिशेब सांगितला जातो. झाले उलटे. कोपऱ्यालाच भरती आली. २०१४ मध्ये व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातल्या स्त्रियांचा पद्धतशीर छळ सुरू झाला. पूल यांनी ती चर्चा बंद केली तेव्हा मंडळी एट-चॅनवर गेली. २०१५ मध्ये पूल यांनी फोर-चॅन विकले, ते टू-चॅनलच्याच निशिमुरांना. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'क्यू' या सहीने 'पोल'वर गूढ भाकिते येऊ लागली, आणि ज्यांनी फोर-चॅन कधी पाहिलेही नव्हते अशा लाखो अमेरिकनांनी ती पुढे वेदवाक्य मानली. निनावी जागेतून निघालेली सर्वांत प्रभावी संहिता सहीची होती, हा योगायोग मला वाटत नाही. ज्या जागी कोणाचाच शब्द प्रमाण नाही तिथे प्रमाण शब्दाची भूक साठत जाते.

या साऱ्याची दोन सोपी स्पष्टीकरणे दिली जातात. एक, ही जागा मुळापासूनच सडकी होती. दुसरे, चांगली जागा बाहेरच्यांनी बिघडवली. पहिले स्पष्टीकरण 'देन्शा ओतोको' विसरते. दुसरे हे विसरते की टू-चॅनलवरही कोरियन लोकांविरुद्धचा द्वेष भरपूर होता, बदनामीचे खटले होते, आणि 'देन्शा ओतोको' हे पुस्तकही निवडलेल्या नोंदींचे होते. अमेरिकी अभ्यासक व्हिटनी फिलिप्स यांनी तिसरी बाजू मांडली. खोडसाळांची ही संस्कृती मुख्य प्रवाहातल्या माध्यमांच्या विरुद्ध टोकाला नसून त्यांच्याच सनसनाटीची वाढवलेली प्रतिमा आहे, असे त्या म्हणतात. हे पटते. पण हीच माध्यमे साऱ्या जगाला मिळाली असताना इथेच भाषा इतकी का कुजली, याचे उत्तर त्यात नाही. ते उत्तर मला स्मृतीच्या अभावात दिसते.

मग नावाची सक्ती केली की झाले? दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या ओळखीची अट घातली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. आपल्याकडे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. बंदविषयी फेसबुकवर एकीने लिहिले होते आणि दुसरीने त्याला पसंती दिली होती, तीही स्वतःच्या नावानिशी. ज्या कलमाचा त्यांच्यावर वापर झाला ते ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले, पण अटक होऊन गेली होती. नाव मागणाऱ्याच्या हाती सत्ता असते आणि नाव देणाऱ्याच्या हाती नसते, हे विसरून ही चर्चा करता येत नाही. आजारपण, जात, लैंगिकता, घरातली मारहाण याबद्दल कित्येकांना प्रथम बोलता येते ते नाव बाजूला ठेवूनच.

म्हणून प्रश्न नावाचा नाही, राखणीचा आहे. जुने वाचायला मिळते का, नव्याला कोणी शिकवते का, आणि घाण काढणाऱ्याला काही आधार असतो का. फोर-चॅनवर हे काम बिनपगारी स्वयंसेवक करतात. त्यांना म्हणतातही 'झाडूवाले'. एप्रिल २०२५ मध्ये कोणीतरी तिथल्या यंत्रणेत घुसले, फोरम काही दिवस बंद पडला, आणि या स्वयंसेवकांचे ई-मेल पत्ते चव्हाट्यावर आले. हजारोंचा निनावीपणा ज्यांच्या राखणीवर चालत होता, उघडे पडले ते तेच. ओवीलाही नाव नव्हते, पण जाते होते, रोजची पहाट होती, आणि चुकीचा शब्द आला तर टोकणारी शेजारीण समोर बसलेली होती.