गिअरच्या गाडीला चोर घाबरतो काय?

‘चोराला गिअर टाकता येईना, गाडी सोडून पळाला!’ अमेरिकेतील वृत्तपत्रांत अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यांतून रुजलेला समज असा, की हाताने गिअर बदलण्याची गाडी चोरीला कमी जाते. तिथे नव्या गाड्यांपैकी शंभरात जेमतेम एक-दोनच गिअरच्या असतात. तेव्हा क्लच ठाऊक नसलेला चोर भेटणे अशक्य नाही. समज मात्र तपासून पाहायला हवा.

फसलेली चोरी गमतीची, म्हणून ती छापली जाते. गिअरची गाडी सफाईने पळवली गेली, तर त्यात बातमी कसली? म्हणजे आपल्यापुढे येणारा नमुना आधीच चाळून आलेला असतो.

शिवाय छेदाचा विसर पडतो. समजा, एका गावात १,००० गाड्या आहेत, पैकी २० गिअरच्या. चोरांनी कसलीही निवड न करता ५० गाड्या नेल्या, तर त्यांत गिअरची सरासरीने एकच असेल. ‘५० पैकी ४९ स्वयंचलित!’ हे ऐकायला जबरदस्त वाटते. पण ९८० पैकी ४९ काय आणि २० पैकी १ काय, दर ५ टक्केच. हे गणित फळ्यावर मांडून वर्गात अवश्य विचारावे.

आता इंग्लंड-वेल्सकडे पाहू. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस तिथल्या बहुसंख्य गाड्या गिअरच्या होत्या, तरी वर्षाला ५ लाखांवर वाहने चोरीला जात. ऑक्टोबर १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीतील चिपचा संकेत जुळल्याशिवाय ही यंत्रणा इंजिन सुरू होऊ देत नाही. २०१३च्या सुमारास तिथला चोऱ्यांचा आकडा १ लाखाच्या खाली होता. सगळे श्रेय इमोबिलायझरला देता येणार नाही, पण गिअर तर तेव्हाही बहुतेक गाड्यांत होताच.

अमेरिकेत २०२१नंतर ह्युंदाई आणि किया गाड्यांच्या चोऱ्या एकदम वाढल्या, त्याचे कारणही तिथेच सापडते. २०१५च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या शंभरातील ९६ गाड्यांत इमोबिलायझर होता, या दोन कंपन्यांच्या केवळ २६ गाड्यांत. स्वयंचलित गिअर तर बहुतेक सगळ्यांतच होता.

मग गिअरचा परिणाम शून्य? तसेही म्हणता येणार नाही. मौजेखातर गाडी पळवणारा पोरसवदा चोर क्लचपाशी अडेल. गाडी ट्रकवर चढवून नेणाऱ्या टोळीला त्याचे काय! खरी तुलना करायची तर एकच मॉडेल, एकच वर्ष, एकच शहर घेऊन दर हजारी चोऱ्या मोजाव्या लागतील. त्यातही गिअरची गाडी मुद्दाम घेणारा हौशी मालक ती रात्री रस्त्यावर ठेवतो की कुलूपबंद गॅरेजमध्ये, हे विचारावेच लागेल.