तीन मिनिटांचा शुद्ध पाठ

जुन्या पोथीचे संपादन आणि जुन्या फिल्मचे संगणकीय रूपांतर ही दोन कामे वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरची. पहिले पंडिताचे, दुसरे कारागिराचे. परंतु दोघांसमोरचा प्रश्न एकच असतो. हाती आलेल्या प्रतीत मूळचे काय, आणि मागाहून शिरलेले काय?

हौशी माणसांसाठी ८ मिलिमीटरची फिल्म १९३२ मध्ये बाजारात आली आणि ‘सुपर ८’ १९६५ मध्ये. सुपर आठच्या ५० फुटी रिळात ३६०० चौकटी असतात. सेकंदाला १८ या गतीने दाखवल्या की खेळ ३ मिनिटे २० सेकंदांत आटोपतो. लग्न, बारसे, नदीकाठची सहल, सारे तेवढ्यात. उष्ण आणि दमट हवेत या फिल्मच्या अॅसिटेटचे विघटन होते. डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला की ऱ्हास सुरू झाला असे समजावे. फिल्म आकसते आणि जुन्या प्रोजेक्टरची नखे तिची छिद्रे फाडतात.

म्हणून जगभर अनेक हौशी मंडळींनी घरच्या घरी यंत्रे जुळवली. जुन्या प्रोजेक्टरमधला तापणारा दिवा काढून तिथे एलईडीचा थंड, सौम्य पांढरा प्रकाश बसवायचा. मूळ मोटर काढून संथ मोटर लावायची. समोर जवळचे टिपणारे भिंग आणि कॅमेरा. दर फेऱ्याला एक चुंबक इशारा देतो आणि एका चौकटीचे एक छायाचित्र निघते. फिल्म आकसली असेल तर नखे काढून ती रबरी रुळांवरून नेतात आणि कडेच्या छिद्राच्या खुणेवरून संगणक चौकटी जुळवतो. ३६०० चौकटींची ३६०० छायाचित्रे! हे कामच मुळी अक्षर अक्षर लावून वाचण्याचे आहे.

खरा मतभेद यापुढे सुरू होतो. ही छायाचित्रे सेकंदाला २५ या गतीने फिरवली तर २०० सेकंदांचा खेळ १४४ सेकंदांत संपतो आणि सगळे वऱ्हाड धावत सुटते. हा दोष गती सुधारून जातो. पण आजची संगणकतंत्रे त्याच्या पुढे जातात. दोन चौकटींच्या मध्ये नसलेली तिसरी चौकट रचून घालतात, ओरखडे पुसताना चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसतात. पोथीच्या भाषेत याला एकच शब्द आहे, प्रक्षेप. पीटर जॅक्सन यांनी २०१८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या चित्रफितींना रंग आणि नवी गती दिली. परिणाम थक्क करणारा आहे, पण त्यात साक्षीदार कुठे थांबतो आणि कलावंत कुठे सुरू होतो हे प्रेक्षकाला कळत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा गाळलेले श्लोकही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. घरच्या फिल्मलाही हाच न्याय हवा. ओरखड्यांसह, कडेच्या छिद्रांसह मूळ प्रत निराळी ठेवावी; सजवलेली प्रत तिच्या शेजारी खुशाल नांदो.

या निष्ठेतून काय साधते हे बियांका स्टिग्टर यांच्या ‘थ्री मिनिट्स: अ लेंग्थनिंग’ या २०२१ च्या चित्रपटात दिसते. डेव्हिड कर्ट्झ या अमेरिकन प्रवाशाने १९३८ मध्ये पोलंडमधील नाशेल्स्क या आपल्या जन्मगावी १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने सुमारे तीन मिनिटांचे चित्रण केले. २००९ मध्ये नातू ग्लेन कर्ट्झ यांना ते सापडले तेव्हा फिल्म विनाशाच्या काठावर होती. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाने तिचा जीर्णोद्धार करवून घेतला. गावातल्या सुमारे तीन हजार ज्यूंपैकी शंभरही वाचले नव्हते. स्टिग्टर यांनी तासाभराहून अधिक काळ प्रेक्षकाला या तीन मिनिटांतच ठेवले आहे. त्या चित्र थांबवतात, मागे नेतात, एका पाटीवरची अस्पष्ट अक्षरे लावू पाहतात. डिसेंबर १९३९ च्या हद्दपारीची हकीकत ऐकू येते तेव्हाही पडद्यावर गावचा चौकच असतो. बाहेरचे एकही भीषण दृश्य न आणण्याचा हा संयम मला या कृतीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. निवेदन मात्र काही ठिकाणी आपण काय वाटून घ्यावे तेही सांगून टाकते. तिथे चित्रावरचा विश्वास क्षणभर ढळतो.

या फिल्मचा खरा भाष्यकार मात्र निराळाच. चित्रातल्या तेरा वर्षांच्या मुलाला नातीने ओळखले. ते तिचे आजोबा मॉरिस चँडलर निघाले. त्यांनी इतरांची नावे सांगितली आणि नुसत्या गर्दीची माणसे झाली. यंत्राला हे कधीच करता आले नसते.

आपल्या सीमाभागातल्या घरांतही ट्रंकेच्या तळाशी अशी रिळे असतील. मूक चित्रांना ना मराठी कळते ना कन्नड. मांडवात उभ्या असलेल्यांची नावे निम्मी आपल्या आजीला ठाऊक असतील, निम्मी शेजारच्या अक्कांना. त्या दोघींना एकत्र बसवून, एकेक चौकट थांबवून विचारायला हवे. यंत्र पुढच्या वर्षीही जुळवता येईल. सांगणाऱ्यांचा तेवढा भरवसा नाही.